रिकामी जागा हेरणारा माणूस: रॉकमधला सेशन पियानोवादक नेमकं करतो काय?

रोलिंग स्टोन्सचं ‘शीज अ रेनबो’ माहीत असलेल्या कुणालाही ते गुणगुणायला सांगा. शब्द नंतर येतील. आधी येईल ती पियानोच्या वरच्या सप्तकातली छोटीशी सुरावट, लहान मुलाच्या चावीच्या खेळण्यातून वाजावी तशी. १९६७ च्या त्या गाण्याचे कर्ते म्हणून मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स ही दोन नावं लागतात. पियानो वाजवणारा निकी हॉपकिन्स बँडचा सदस्य नव्हता. त्याला बोलावलं गेलं, त्याने वाजवलं, ठरलेली बिदागी घेतली आणि तो पुढच्या रेकॉर्डिंगला गेला.

अशा वादकाला सेशन वादक म्हणतात. सेशन म्हणजे रेकॉर्डिंगची एक पाळी. साठच्या दशकात लंडनच्या मोठ्या स्टुडिओंत दिवसाच्या तीन पाळ्या असत: सकाळी १० ते १, दुपारी अडीच ते साडेपाच आणि संध्याकाळी ७ ते १०. वादकाला पैसे मिळत ते पाळीचे. गाणं पुढे लाखोंनी खपलं काय किंवा कपाटात पडून राहिलं काय, त्याच्या हिशेबात फरक पडत नसे. पुढे बँड रात्र रात्र स्टुडिओत बसू लागले तेव्हा पाळ्यांचं वेळापत्रक मोडलं, पण पैशाचा नियम तोच राहिला.

आपल्याकडे साथसंगत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गवयामागे पेटीवर बसलेला माणूस दोन ताना संपल्या की मधली जागा भरतो, गवई जागा घेतोय असं दिसलं की हात आवरतो. सेशन पियानोवादकाचं कामही याच जातीचं आहे, फक्त दोन फरक आहेत. पेटीवाला बहुधा गाणाऱ्याच्याच सुरांच्या मागोमाग जातो. रॉकमधल्या पियानोवादकाने गाणाऱ्याचे सूर वाजवायचे नसतात, त्याच्या आजूबाजूचं काहीतरी नवीन रचायचं असतं. आणि त्याच्यासमोर एकटा गवई नसतो. दोन गिटार, एक बेस, ड्रम आणि गाणारा असा गच्च भरलेला लोकलचा डबा असतो. त्यात चौथी सीट शोधायची.

हे काम हॉपकिन्सइतकं चांगलं फार थोड्यांना जमलं, म्हणून पुढचं सगळं त्याच्या आधाराने.

अकादमीतून थेट रॉक अँड रोलमध्ये

हॉपकिन्सचा जन्म २४ फेब्रुवारी १९४४ चा, पश्चिम लंडनच्या पेरिव्हेलचा. तिसऱ्या वर्षी तो पियानोला लागला, शिष्यवृत्ती मिळवून रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकला आणि सोळाव्या वर्षी, १९६० साली, शिक्षण सोडून स्क्रीमिंग लॉर्ड सच नावाच्या गायकाच्या ‘सॅव्हेजेस’ बँडमध्ये गेला. हा सच शवपेटीतून स्टेजवर येणारा गडी. एका हातात शोपाँ आणि दुसऱ्या हातात हे, अशी हॉपकिन्सची घडण.

१९६२ मध्ये तो सिरिल डेव्हिसच्या ऱ्हिदम अँड ब्लूज बँडमध्ये होता. मे १९६३ मध्ये तो कोसळला. क्रोन्स डिसीज हा आतड्यांचा चिवट आजार त्याला होता, आणि पुढचे जवळजवळ १९ महिने त्याने इस्पितळात काढले. बाहेर आला तोवर डेव्हिस वारला होता आणि लंडनचं संगीत पार बदललं होतं. रोज बस-व्हॅनमधून गावोगाव हिंडायचं, मिळेल ते खायचं, पहाटे झोपायचं, हे बँडवाल्याचं आयुष्य त्याच्या शरीराला झेपणारं नव्हतं. स्टुडिओत मात्र छप्पर होतं, वेळ बांधलेली होती, रात्री घरी जाता येत होतं. तो सेशन वादक झाला त्यामागे हे साधं, घरगुती कारण आहे.

पुढची यादी वाचताना दम लागतो. १९६५ मध्ये द हू या बँडचा पहिला अल्बम. त्याच सुमारास किंक्स हा बँड. मे १९६६ मध्ये जेफ बेकचं ‘बेक्स बोलेरो’, ज्यात जिमी पेज, जॉन पॉल जोन्स आणि कीथ मून एकाच खोलीत होते. १९६७ पासून स्टोन्स. जुलै १९६८ मध्ये बीटल्सचं ‘रेव्होल्यूशन’. जेफ बेकचे ‘ट्रूथ’ आणि ‘बेक-ओला’. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या महोत्सवात जेफरसन एअरप्लेन बँडबरोबर पहाटे स्टेजवर. मग कॅलिफोर्नियात क्विकसिल्व्हर मेसेंजर सर्व्हिस हा बँड. १९७१ मध्ये बीटल्समधल्या जॉन लेननचा ‘इमॅजिन’ आणि द हूचा ‘हूज नेक्स्ट’. १९७२ चा स्टोन्सचा ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’. १९७३ मध्ये स्टोन्सचंच ‘अँजी’, जॉर्ज हॅरिसनचा अल्बम आणि रिंगो स्टारचं ‘फोटोग्राफ’. १९७४ मध्ये जो कॉकरचं ‘यू आर सो ब्यूटिफुल’. १९८९ मध्ये पॉल मॅकार्टनीच्या अल्बमवरही तो वाजवून गेला, म्हणजे चारही बीटल्सच्या स्वतंत्र कामात त्याचा हात आहे. तो ६ सप्टेंबर १९९४ रोजी नॅशव्हिलमध्ये आतड्यांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने गेला. वय ५०.

डब्यात चौथी सीट

आता मूळ प्रश्न. इतक्या वेगवेगळ्या बँडना हाच माणूस का लागत होता?

पियानोला ८८ पट्ट्या असतात, सव्वासात सप्तकं. सगळ्यात खालचा सूर सेकंदाला साडेसत्तावीस कंपनांचा, सगळ्यात वरचा ४१८६ कंपनांचा. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ च्या आसपास बोलते, साध्या गिटारची ८२ ला. गिटारचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले तीन-चार सूर, साधारण ८२ ते ४०० च्या पट्ट्यात दाटीवाटीने बसतात आणि पुरुषाचा आवाजही तिथेच असतो. पियानोचा मधला सा, म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी एक, आहे २६२ ला. म्हणजे घरी एकट्याने वाजवताना दोन्ही हात जिथे आपोआप पडतात, नेमकी तीच जागा बँडमध्ये आधीच भरलेली असते.

नवशिक्या पियानोवादकाचं रेकॉर्डिंग इथेच बिघडतं. डावा हात बेसच्या सुरांत घुसतो; दोघांचा आघात एका क्षणी पडला नाही की खालचा भाग चिखल होतो. उजवा हात गिटारचेच कॉर्ड त्याच उंचीवर वाजवतो. मग मिक्स करणारा, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र बसवणारा, पियानो कमी करत नेतो आणि शेवटी तो ऐकूच येत नाही. त्यात पाय सस्टेन पेडलवर दाबलेला. पेडल दाबलं की तारा दाबून धरणारे सगळे नमदे एकदम उचलले जातात आणि मागचा कॉर्ड पुढच्यात मिसळतो. एकल वादनात हे गोड लागतं. ड्रम आणि दोन गिटारांमागे मात्र तो निव्वळ गोंगाट असतो.

हॉपकिन्स वर सरकत असे. उजवा हात मधल्या ‘सा’पासून एक-दीड सप्तक वर, ५०० कंपनांच्या पुढे, जिथे गिटार क्वचित जाते. एकच सूर दोन सप्तकांत अंगठा आणि करंगळीने एकत्र वाजवायचा, मधे एखादा गंधार किंवा पंचम ठेवायचा. त्यामुळे सूर बारीक न वाटता घंटेसारखा भरीव लागतो. डावा हात जवळजवळ मोकळा, नाहीतर समेवर एखादा आधार देण्यापुरता. आणि लय वेगळी: गिटार मात्रेला दोन आघात करत असेल तर पियानोवर मात्रेला तीन, किंवा दोन सुरांची थरथर. ऐकणाऱ्याच्या कानाला पियानो मोठ्याने वाजतोय असं वाटतं. खरं तर तो तेवढाच असतो, फक्त त्याच्या शेजारी कुणी नसतं.

‘रेव्होल्यूशन’मध्ये हे टोकाला जातं. त्या गाण्यात गिटार थेट मिक्सरमध्ये जोडून इतकी जोरात सोडली आहे की तिचा आवाज फाटतो. आवाज फाटला की मूळ सुराबरोबर त्याचे वरचे उपस्वरही फुगतात, म्हणजे गिटार खालून वरपर्यंत सगळीकडे सांडते. सप्तक बदलूनही तिथे सुटका नाही. उरते एकच जागा, आघाताची: फाटलेल्या गिटारच्या सलग भिंतीपुढे पियानोचा तुटक, टोकदार आघात उठून दिसतो. हॉपकिन्सने तिथे इलेक्ट्रिक पियानोवर जे वाजवलं आहे ते सगळं तुटक आहे, रेंगाळणारा एक सूर नाही. ११ जुलै १९६८ चं हे काम. बीटल्सबरोबर बँड म्हणून त्याचं हे एकमेव रेकॉर्डिंग.

तिसरी जागा असते ती काळाची: गाणाऱ्याच्या दोन ओळींमधला श्वास. लेननच्या ‘जेलस गाय’मध्ये ती ऐका. ही चाल लेननने १९६८ मध्ये ऋषिकेशच्या मुक्कामात केली होती, तेव्हा शब्द वेगळे होते आणि त्यात ऋषिकेशचं नावही होतं. तीन वर्षांनी ॲस्कटच्या त्याच्या घरातल्या स्टुडिओत नव्या शब्दांनी ती ध्वनिमुद्रित झाली. हॉपकिन्स सुरुवातीला चालीची ओळख करून देतो आणि शब्द सुरू झाले की मागे होतो. ओळ संपली की दोन-चार सूर, पुन्हा माघार. पेटीच्या चांगल्या साथीदाराला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

गिटार नसेल तर? ‘सिम्पथी फॉर द डेव्हिल’चं उदाहरण

वर सरकायचं, हा काही कायदा नाही. स्टोन्सचं ‘सिम्पथी फॉर द डेव्हिल’ हे बरोबर उलटं उदाहरण, आणि ते घडताना पाहता येतं. जून १९६८ मध्ये लंडनच्या बार्न्स भागातल्या ऑलिम्पिक स्टुडिओत हे गाणं चालू असताना फ्रेंच दिग्दर्शक जाँ-ल्यूक गोदारचा कॅमेरा तिथे होता. त्याच्या ‘वन प्लस वन’ चित्रपटात सुरुवातीला गाणं संथ आहे, साध्या गिटारवर, आणि हॉपकिन्स ऑर्गनवर बसलाय. ते जमत नाही. ऑर्गनचा सूर सलग असतो, आघात नसतो. त्यावर लय स्वार होत नाही. मग ठेका सांबा या ब्राझीलच्या नाचाच्या अंगाने जातो, काँगा हे हाताने वाजवायचे ढोल येतात, कीथ रिचर्ड्स गिटार ठेवून बेस हातात घेतो आणि हॉपकिन्स पियानोवर येतो.

रिचर्ड्स बेसवर गेल्यामुळे मधलं सप्तक रिकामं झालं. ऱ्हिदम गिटार, म्हणजे कॉर्डवर ठेका धरणारी गिटार, जवळपास नाहीच. मग पियानो वर कशाला जाईल? तो मधेच बसतो आणि ऱ्हिदम गिटारचं काम करतो.

गाणं पांढरी तीनमध्ये आहे. तो सा धरला तर अंतऱ्याचे कॉर्ड आपल्या सरगमीत असे: पहिला सा ग प, दुसरा कोमल नी रे म, तिसरा म ध सा, मग परत पहिला. शुद्ध गंधाराबरोबर कोमल निषाद, त्यामुळे खमाजाची सवय असलेल्या कानाला हा रस्ता परका वाटत नाही. कोरस पंचमाच्या कॉर्डवर, प नी रे वर, उभा राहतो आणि तिथे निषाद शुद्ध होतो. गाणं तिथे एकदम उजळतं ते त्या एका सुराने.

शिकणाऱ्याने हे कॉर्ड मुळापासून वाजवले तर हात प्रत्येक वेळी उड्या मारतो आणि लय अडखळते. म्हणून सूर तेच ठेवून क्रम बदलायचा. पहिला कॉर्ड मंद्र प, मध्य सा, मध्य ग असा धरा. दुसऱ्यासाठी तिन्ही बोटं एकेक पूर्ण सूर खाली: मंद्र म, मंद्र कोमल नी, मध्य रे. तिसऱ्यासाठी म जागच्या जागी राहू द्या, कोमल नी उतरून ध वर, रे उतरून सा वर. हात वीतभरही हलत नाही. कॉर्ड बदलल्याचं कानाला कळतं, पण धक्का बसत नाही, आणि मोकळी झालेली सगळी शक्ती ठेक्यात घालता येते. हॉपकिन्सची अकादमी इथे दिसते. सूर कसे सरकवायचे हे शास्त्र पाश्चात्त्य अभिजात संगीतात शेकडो वर्षं शिकवलं जातंय. त्याने ते सांबाखाली घातलं.

पुन्हा ऐकताना एक लक्ष द्या: पहिल्या अंतऱ्यात पियानो किती थोडा आहे आणि चौथ्यापर्यंत तोच कॉर्ड किती ठोकला जातोय. सहा मिनिटांहून लांब गाण्यात चार कॉर्ड आहेत. चढण आहे ती आघातात.

स्टोन्सकडे पियानोवादक आधीही होता, बँडच्या संस्थापकांपैकी इयन स्टुअर्ट. त्याचा डावा हात बूगी-वूगीत तयार होता, म्हणजे खालच्या सप्तकात गाडीच्या चाकासारखी फिरत राहणारी एकच लड. त्या कामात तो पक्का होता. पण मायनर कॉर्ड, म्हणजे कोमल गंधाराचे कॉर्ड, वाजवायला त्याला मुळीच आवडत नसे. मग ‘अँजी’सारख्या गाण्यात कुणाला बसवणार? एकाच बँडला दोन पियानोवाले लागले ते असे.

पियानो हलत नाही, म्हणून बाकीचे हलतात

सेशनमध्ये अर्धे गोंधळ संगीताचे नसतात, लाकडाचे आणि फितीचे असतात.

पियानोत सुमारे २३० तारा असतात. बहुतेक सुरांना तीन-तीन. तो लावायला जाणकाराला तास-दीड तास लागतो. गिटार लावायला अर्धं मिनिट. म्हणून स्टुडिओत पियानो सांगेल तो सूर आणि बाकीच्यांनी त्याला जुळायचं. हॉपकिन्सला ‘एडवर्ड’ हे टोपणनाव पडलं ते याच व्यवहारातून असं सांगतात: स्टोन्सचा गिटारवादक ब्रायन जोन्सला गिटार लावायला ‘ई’ हा सूर हवा होता, गोंगाटात ऐकू जाईना, म्हणून तो ओरडला, ‘ई, एडवर्डमधला ई!’ पुढे क्विकसिल्व्हरसाठी हॉपकिन्सने स्वतः रचलेल्या वाद्यरचनेच्या नावातही एडवर्ड आला आणि १९७२ च्या एका जॅम अल्बमवरही, म्हणजे सहज जमून वाजवलेल्या संगीताच्या अल्बमवरही.

दमट हवेत पियानोचा लाकडी पडदा फुगतो आणि मधल्या सप्तकातले सूर चढतात, कोरड्या हवेत उतरतात. मुंबई-गोव्यात ज्यांच्या घरी पियानो आहे त्यांना जुलै महिना हे दरवर्षी शिकवतो. त्यामुळे वाद्य आदल्या दिवशी नाही, पाळीच्या आधी लावून घ्यायचं. आणि माइक, दिवे, माणसं सगळं जागेवर आल्यावर मधलं सप्तक एकदा तपासायचं.

फितीचा घोळ वेगळा. ध्वनिमुद्रणाची फीत सेकंदाला १५ इंच वेगाने पळायची. वेग ६ टक्के वाढवला की सगळं गाणं अर्धा सूर चढतं. निर्मात्याला गाणं जरा चटपटीत हवं म्हणून त्याने वेग ३ टक्के वाढवला, तर गाणं दोन पट्ट्यांच्या मधोमध अडकतं. गिटारवाला तारा पिळून जुळवून घेतो. आधी झालेल्या गाण्यावर नंतर वाजवायला आलेला पियानोवादक काय पिळणार? तिथे यंत्राचा वेगच पुन्हा पियानोपाशी आणून, वाजवून, मग परत वाढवावा लागतो.

आणि चार ट्रॅकची फीत, म्हणजे जिच्यावर चारच पट्ट्यांत आवाज वेगवेगळे घेता येत. जुलै १९६८ मध्येसुद्धा लंडनच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्सचं काम चार ट्रॅकवर चालायचं. चार भरले की ते एकत्र करून दुसऱ्या फितीवर एका-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि पुढची जागा मोकळी करायची. एकदा पियानो असा ड्रमबरोबर एकत्र झाला की त्याचा आवाज वेगळा कमीजास्त करता येत नाही. म्हणजे कुठे हळू, कुठे जोरात, कुठे गप्प, हा निर्णय वादकाने वाजवतानाच घ्यायचा. त्या काळच्या सेशन वादकांचा तोल इतका पक्का का, याचं उत्तर बरंचसं त्या चार ट्रॅकमध्ये आहे. आज ‘नंतर मिक्समध्ये बघू’ म्हणता येतं आणि बहुतेकदा कुणी बघत नाही.

माइक लावायची पद्धत त्या मानाने साधी. ग्रँड पियानोचं झाकण छोट्या दांडीवर, हातोड्यांच्या वर वीत-दीड वीत अंतरावर दोन माइक, एक खालच्या सुरांकडे, एक वरच्या. ड्रम त्याच खोलीत असतील तर झाकणावरून जाड ब्लँकेट, नाहीतर झांजा पियानोच्या माइकमध्ये शिरतात आणि मग पियानो वाढवला की झांजाही वाढतात.

कागदावर काय असतं? बहुतेक वेळा काहीच नाही, फार तर कॉर्डची नावं. नॅशव्हिलमध्ये त्याऐवजी आकडे लिहितात: सा चा कॉर्ड १, म चा ४, प चा ५. गायकाला पट्टी जड गेली तर कागद तोच राहतो, फक्त सा बदलतो. सरगमीत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. पण मूळ सुरांच्या नावांवर वाढलेल्या वादकाला काळी दोनमधलं गाणं तिसऱ्या मिनिटाला पांढरी तीनमध्ये वाजवायला सांगितलं की घाम फुटतो.

सूर कुणाचे, पैसे कुणाचे

गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा: शब्द आणि चाल. दुसरा ध्वनिमुद्रणाचा. सेशन वादकाने जागेवर सुचवलेली सुरावट ‘वादन’ मानली गेली तर ती दुसऱ्या खात्यात जाते, आणि तिथे त्याचा हक्क बिदागी घेतली तेव्हाच संपलेला असतो. रचनेच्या खात्यात नाव लागलं तरच पिढ्यान्‌पिढ्या पैसे. हॉपकिन्सचं नाव असं फार थोड्या ठिकाणी लागलं. द हूच्या पहिल्या अल्बमवरचं ‘द ऑक्स’ हे वाद्यवादन त्यातलं एक, तिथे तिघा सदस्यांबरोबर चौथं नाव त्याचं आहे. किंक्सच्या १९६८ च्या अल्बमवरचे बरेचसे कीबोर्ड आपण वाजवले आणि श्रेय किंक्सचा गायक-गीतकार रे डेव्हिसला गेलं, ही त्याची तक्रार शेवटपर्यंत राहिली.

सीमारेषा कुठे आहे हे पुढे कोर्टात ठरत गेलं. प्रोकोल हॅरम या बँडच्या ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ची ऑर्गनची सुरावट वाजवणारा मॅथ्यू फिशर बँडचाच सदस्य होता; १९६७ च्या त्या सुरावटीसाठी त्याला गाण्याच्या संगीतात ४० टक्के वाटा मिळाला, आणि तो पक्का झाला २००९ मध्ये, ब्रिटनच्या सर्वोच्च पातळीवर. पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या अल्बमवर शब्दांशिवाय गाणाऱ्या क्लेअर टॉरीला तेव्हा ३० पौंड मिळाले होते. तिने २००४ मध्ये दावा लावला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. चक बेरीचा पियानोवादक जॉनी जॉन्सन मात्र २००० मध्ये कोर्टात गेला आणि फार उशीर झाला म्हणून २००२ मध्ये दावा फेटाळला गेला.

नियमही बदलले. ब्रिटनमध्ये १ डिसेंबर १९९६ पासून, रेडिओवर किंवा जाहीर ठिकाणी ध्वनिमुद्रण वाजलं की त्यातल्या वादकांनाही वाजवी मोबदला मिळण्याचा कायदेशीर हक्क आला. हॉपकिन्सला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. २०१३ मध्ये ध्वनिमुद्रणांचं संरक्षण ५० वर्षांवरून ७० वर झालं आणि पन्नाशी उलटलेल्या तबकड्यांच्या उत्पन्नातला २० टक्के भाग एकदाच पैसे घेतलेल्या सेशन वादकांसाठी बाजूला ठेवणं कंपन्यांना बंधनकारक झालं. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कलाकारांना व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क कायद्यात लिहून मिळाला. आजच्या वादकाने या सगळ्यातून एकच काम उचलावं: पाळी संपण्याआधी कुणी काय वाजवलं याचा कागद भरून घ्यावा. नंतर कुणाला आठवत नाही.

मुंबईच्या सिनेसंगीताची आठवण इथे येणारच. सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, कर्सी लॉर्ड आणि त्यांच्याबरोबरचे शेकडो गोवेकर, पारशी, मराठी वादक. कव्हरवर यातल्या बहुतेकांची नावं नसत. पण काम सारखं नव्हतं. मुंबईत अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ रचणारा, वादकांचे ‘पीस’ आधी नोटेशनमध्ये लिहून आणत असे आणि वादक तो वाचून वाजवत. गोव्याच्या चर्चशी जोडलेल्या शाळांत नोटेशन शिकलेल्यांना म्हणून मागणी. लंडनच्या रॉक स्टुडिओत लिहून आणणारा कुणी नव्हता. तिथे पियानोवादकच वादक आणि तोच स्वतःपुरता अरेंजर, आणि पगार फक्त पहिल्या कामाचा.

प्रभाव मोजायचा कसा

स्वतःच्या नावाचे अल्बम हा त्याचा मार्ग नव्हता. १९७३ चा ‘द टिन मॅन वॉज अ ड्रीमर’ गोड आहे, त्यात जॉर्ज हॅरिसनने टोपणनावाने गिटार वाजवली आहे, पण तो फारसा खपला नाही. ऐकताना कारण कळतं: दुसऱ्यांनी सोडलेली जागा पाहण्यात ज्याची हयात गेली, त्याला इथे सगळीच जागा मोकळी मिळाली होती.

प्रभाव दिसतो तो दुसरीकडे. १९६५ पूर्वी रॉकमधला पियानो म्हणजे बहुतांशी बूगी-वूगीची लड नाहीतर ठोकलेले कॉर्ड. हॉपकिन्सनंतर बँडमध्ये पियानो गाणाऱ्याशी बोलणारं दुसरं पात्र झाला. द हूचं ‘द साँग इज ओव्हर’ तर उघडतंच त्याच्या पियानोवर. २०२५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला संगीतातल्या योगदानासाठी घेतलं, मृत्यूनंतर ३१ वर्षांनी. त्याच तुकडीत बेसवादक कॅरल के होत्या, अमेरिकेच्या स्टुडिओंतलं असंच एक नाव.

ऐकायची सुरुवात हेडफोन लावून करा, आणि प्रत्येक गाणं दोनदा: एकदा फक्त पियानो कुठे आहे ते, दुसऱ्यांदा तो कुठे नाही ते. आधी ‘शीज अ रेनबो’, मग ‘सिम्पथी’, मग ‘जेलस गाय’, आणि मग मुद्दाम स्टोन्सच्याच ‘मंकी मॅन’चे पहिले काही सेकंद. शेवटी किंक्सचं १९६६ चं ‘सेशन मॅन’. रे डेव्हिसने लिहिलेलं हे गाणं तासावर पैसे घेऊन सांगेल ते वाजवणाऱ्या भाडोत्री वादकाची गमतीत टर उडवतं. सुरुवातीला हार्पसिकॉर्डची, म्हणजे पियानोच्या आधीच्या काळातल्या पट्ट्यांच्या वाद्याची, एक नाजूक, अगदी अकादमीत शिकवतात तशी लकेर येते. ती हॉपकिन्सने वाजवली आहे.